सातव्या बटणावरची शिकवणी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझी काच फुटलेली नाही, आवाज बसलेला नाही आणि वीज मिळाली तर आजही मी चालू होईन. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात माझ्याविषयी बरंच बोललं गेलं आहे आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. मी पावसला राहतो, चिंतामणीकाकांच्या घरात, मागच्या पडवीत, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांशेजारी. माझ्यावर एक पोतं टाकलंय. पोत्याला भोक आहे, त्यामुळे समोरच्या दारातून माजघरातलं सगळं मला दिसतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

माझा जन्म १९८७ सालचा. कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या काचेखाली एक छोटं झाकण आहे. ते उघडलं की आत बारा बटणं दिसतात आणि प्रत्येक बटणाशेजारी एक बारीक चाक. चाक फिरवून त्या बटणावर एक चॅनल बसवायचा. तेव्हा बघायला मिळायचे एक-दोनच चॅनल, त्यामुळे बारा बटणं म्हणजे निव्वळ चैन होती. रत्नागिरीचा दुकानदार गिऱ्हाइकांना झाकण उघडून दाखवायचा आणि माणसं मान डोलवायची. तेव्हापासून मी थोडा गर्विष्ठ आहे, हे कबूल करतो.

चिंतामणीकाकांनी मला एस.टी.ने घरी आणलं. टपावर ठेवायला ते तयार होईनात. म्हणून माझं वेगळं तिकीट काढून मला सीटवर बसवलं आणि काका पावस येईपर्यंत मला धरून उभे राहिले. काका आंब्याचे बागायतदार. शब्दाला पक्के, हिशेबाला चोख आणि एकदा नाही म्हणाले की नाहीच. त्यांच्या पत्नी मालिनीकाकू गाणाऱ्या. देवळाच्या उत्सवातल्या संगीत नाटकांत त्या तरुणपणी गायच्या आणि पुढे गावातल्या मुलींना घरीच शिकवायच्या. काकांना मात्र सूर म्हणून नव्हता. आरतीतसुद्धा ते नुसते ओठ हलवायचे, आणि काकू त्यांची थट्टा करायच्या.

१९९८ साली पावसला केबल आली. ती आणली महिपतने. त्याने आपल्या गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि माडांवरून तार ओढत घरोघर नेली. आमच्याकडे आला तेव्हा माझ्यापुढे मांडी घालून बसला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "काकू, माज्याकडं वीस चॅनल हायत. तुमच्या टीव्हीत बारा बसतात. कुठलं लावू सांगा."

काका म्हणाले, "बातम्या लाव. बाकी तिला विचार."

काकूंनी एकेक करून सगळे पाहिले. हा नको, हा असू दे, हा फार किंचाळतो, असं करत अकरा निवडले. एक बटण त्यांनी रिकामं ठेवायला सांगितलं. काका हसले, "रिकामं कशाला?" काकू म्हणाल्या, "अहो, पुढे काही चांगलं आलं तर?" ते सातवं बटण होतं. दोन वर्षांनी एक लहानसा मराठी चॅनल सुरू झाला, तेव्हा महिपतने तो तिथे बसवला.

त्या चॅनलवर रोज सकाळी साडेसातला अर्धा तास गाण्याची शिकवणी असायची. एक सडपातळ बाई पेटी घेऊन बसायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या, पेटीवरचा हात काढायच्या आणि समोर पाहत गप्प राहायच्या. पाहणाऱ्याने तेवढ्यात ती ओळ म्हणायची. मला ते सुरुवातीला वेडेपणाचं वाटलं. टीव्हीतल्या माणसाने गप्प बसायचं म्हणजे काय? पण काकू स्वयंपाकघरातून ओळ म्हणायच्या, आणि बाई जणू ते ऐकूनच पुढची सुरू करायच्या.

२००१ च्या दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. रत्नागिरीच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा त्यांच्या तोंडून फक्त "त, त" एवढंच निघत होतं. डोळे सगळं बोलायचे, पण डोळ्यांचं बोलणं काकांना कधीच कळलं नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा सलिल मुंबईला नोकरीत, तो आठ दिवस राहून परत गेला. काकूंची खाट माजघरात माझ्यासमोर आणून ठेवली. त्यांचं सगळं करायला मैना होती. मैना देवरूखकडच्या एका डोंगरातल्या गावची. नवरा गेल्यावर ती आमच्या बागेत कामाला आली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी मैना काकूंना पेज भरवत होती. त्यांचं मन रमावं म्हणून तिने सातवं बटण दाबलं. बाईंनी 'सा' लावला, पेटीवरचा हात काढला आणि त्या थांबल्या. आणि काकूंनी 'सा' लावला. घोगरा होता, पण सुरात होता. मैनेच्या हातातली पेज सांडली. "काकानू! ओ काकानू!" अशी हाक मारत ती अंगणात धावली. मित्रांनो, मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी वाटला नाही.

डॉक्टर म्हणाले, "गाणं वेगळ्या वाटेने येतं. बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी राहतं, आणि त्याचं बोट धरून शब्दही येतात. पण जे यायचं ते साधारण दोन वर्षांत येईल. रोजचा सराव मोडू देऊ नका."

सराव मोडला नाही. वर्षभर रोज साडेसातला सातवं बटण दाबलं गेलं. काकू बाईंचा सूर पकडायच्या आणि त्या सुरावर एखादा शब्द ढकलून बाहेर काढायच्या. पहिला आला "पाणी". मग "नको", मग "मैना". मग "सलिल" आला, तो त्यांनी फोनवर म्हटला तेव्हा सलिलने तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. आणि मग आलं "अहो".

"अहो" म्हटलं की काकू डावं बोट वर करायच्या. थांबा, पुढे आहे, असा त्याचा अर्थ. काका सगळं टाकून खाटेच्या कडेला बसायचे. "बोल. मी ऐकतोय." काकू पुन्हा सूर घ्यायच्या, "अहो... अहो..." कपाळावर घाम यायचा, मग त्या हसून मान हलवायच्या. उद्या बघू. काकूंना काकांना काहीतरी सांगायचं होतं. पाणी, दुखणं यांपलीकडचं काहीतरी, कारण ते शब्द त्यांना आधीच आले होते. २००३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या. "अहो, मला..." एवढं स्वच्छ म्हणाल्या. काकांनी त्यांचा हात धरला. "उद्या," काका म्हणाले, "उद्या पुढचं."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मैनेने सातवं बटण दाबलं, आणि माझ्या काचेवर मगर आली. चिखलातून निघून ती एका हरणाला ओढून नेत होती आणि इंग्रजीतून कुणीतरी शांतपणे त्याचं वर्णन करत होतं. काकूंनी सवयीने तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं.

काकांनी मला दोन चापट्या मारल्या. बाराही बटणं दाबून झाली. शिकवणी कुठेच नव्हती. केरू मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझी पाठ उघडली, आतली कोळिष्टकं काढली, दोन तारा हलवल्या आणि काही कळेना तेव्हा म्हणाला, "याचं आतलं गेलंय. म्हातारा झाला टीव्ही." हे ते खोटं. माझं काही गेलं नव्हतं.

संध्याकाळी महिपत स्वतः आला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्याने सांगितलं ते असं. वर्ल्डकप सुरू झाला होता. क्रिकेटचा चॅनल ज्या कंपनीचा, तिच्या माणसाने महिपतला बजावलं होतं की एकटं क्रिकेट मिळणार नाही. घ्यायचे तर आमचे नऊच्या नऊ चॅनल घ्या, आणि तेही खालच्या जागांवर बसवा, जिथे ते प्रत्येक टीव्हीवर दिसतात. तारेतून येणाऱ्या चॅनलांना जागा नेमून दिलेल्या असतात. खालच्या जागा सगळ्या टीव्हींना दिसतात. वरच्या फक्त नव्यांना. मी बनलो तेव्हा वरच्या जागा वापरातच नव्हत्या. नऊ जण खाली घुसले म्हणून नऊ जणांना वर जावं लागलं, आणि त्यात आमचा लहानसा मराठी चॅनल होता. तो तारेत होता, माझ्या पाठीपर्यंत येत होता, आणि मला दिसत नव्हता. मित्रांनो, माझ्या बारा बटणांची मला तेव्हा लाज वाटली.

काका म्हणाले, "मला मगर नको. क्रिकेटही नको. माझा एक चॅनल मला दे, बाकी सगळे काढ."

"तसं नाय होत, काकानू. एकाला येगळं आन् दुसऱ्याला येगळं असं तारेत करता येत नाय. आन् कंपनीसमोर माजं काय चालतंय? क्रिकेट नसलं तर गाव माजी तार तोडून टाकील."

"म्हणजे मला हवं ते मिळणार नाही आणि नको ते घरात भरणार! हा कुठला धंदा?"

महिपत खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "राग मानू नका. गेल्या साली माज्या बायकोला डोहाळं लागलं, तवा मी तुमच्याकडं पयल्या तोडीचं दोन आंबे मागाय आलो. तुमी काय म्हनालात?"

मला आठवत होतं. काका म्हणाले होते, पहिल्या तोडीची पेटी आम्ही फोडत नाही, हवी तर अख्खी ने. इथले सगळे बागायतदार तसंच म्हणतात. पहिली पेटी देवापुढे ठेवायची आणि तशीच बाजाराला पाठवायची, ही रीतच आहे. आणि पेटी घेणाऱ्याने वरच्या थरातली मोठी फळं तेवढी उचलून खालची बारकी परत केलेली कुणी चालवून घेत नाही.

"तो आंबा आहे," काका म्हणाले. "ही माझी बायको आहे."

"म्हनूनच आलो मी," महिपत म्हणाला. "माज्या घरी दुसरा टीव्ही हाय. बारका हाय, पन त्याला वरचं दिसतं. तो आनून ठेवा हितं. पैसं नको. काकूंचं चालू ऱ्हाऊ दे."

त्या क्षणी काका नुसते "बरं" म्हणाले असते! पण दोन आंब्यांची गोष्ट काट्यासारखी रुतली होती. "मला उपकार नकोत," ते म्हणाले. "माझा टीव्ही चांगला आहे. माझा चॅनल माझ्या टीव्हीवर येईल तेव्हाच मी तुझी तार घेईन." आणि त्यांनी कोयती आणून माडावरून येणारी तार स्वतःच्या हाताने तोडली. महिपत तोडलेलं टोक गुंडाळून घेऊन गेला. खाटेवरून काकू सगळं बघत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

काकांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. माणसाला जे हवं ते निवडता आलं पाहिजे. काकांनी त्यासाठी अर्ज लिहिला, गावात फिरून सह्या गोळा केल्या. पस्तीस जणांनी सह्या केल्या आणि पस्तीसही जण संध्याकाळी क्रिकेट बघत बसले. अर्ज कंपनीला गेला. महिन्याभराने उत्तर म्हणून एक गुळगुळीत रंगीत कागद आला. त्यावर नऊ चॅनलांची चित्रं होती. मगर पहिल्याच ओळीत होती.

या दिवसांत काकू रोज साडेसातला माझ्याकडे तोंड करून बसायच्या. मैना माझ्यावरची धूळ पुसायची, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. मग एक दिवस तीच पुढे झाली. खाटेजवळ बसली आणि तिच्या गावाकडे भातलावणीच्या वेळी म्हणतात त्यातलं एक गाणं तिने धरलं. एक ओळ म्हणाली आणि बाईंसारखीच थांबली.

"म्हना बगू काकू. माजं गानं काय लय चांगलं नाय, पन म्हना."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. एक बारीक सूर आला, मग दुसरा. मी श्वास रोखला असता, पण मला श्वास नाही. तेवढ्यात अंगणातून काकांची हाक आली, "मैने! पेट्या राहिल्यात! टेम्पो दारात उभा आहे!"

मैना उठली. आंबा झाडावर थांबत नाही, हे तिलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तसंच केलं, आणि पुन्हा हाक आली. तिसऱ्या दिवशी ती काकांना म्हणाली, "काकानू, सकाळी अर्धा घंटा मला हितं बसूं द्या. काकू म्हनतायत."

काका थकलेले होते. बागेत बारा माणसं, दारात पेट्यांचा ढीग. "सीझन आवरला की बघू," ते म्हणाले. "तोवर चॅनलचंही काहीतरी होईल." मैना त्या दिवसापासून उजाडताच पेट्या भरायला जाऊ लागली. साडेसातला माजघरात फक्त आम्ही दोघं असायचो, काकू आणि मी.

मेच्या मध्यावर सलिल मुंबईहून आला, आणि येताना मोठा नवा टीव्ही घेऊन आला. वडिलांशी भांडला, महिपतला बोलावून तार पुन्हा जोडून घेतली. मला उचलून खाली ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. खरंच सांगतो, नाही वाटलं. शिकवणी दिसणार म्हणून मी खूश होतो. नव्या टीव्हीने वरच्या सगळ्या जागा धुंडाळल्या. ऐंशी-नव्वद चॅनल निघाले. आमचा निघाला नाही.

महिपत भिंतीला टेकून उभा होता. "तो बंद झाला. एप्रिलअखेर," तो म्हणाला. "सगळीकडंच त्याला वर टाकला व्हता. कुनाला दिसंना, मग जाहिराती बंद झाल्या. चालवतील कशावर?"

सलिलने मग गाण्याच्या दुसऱ्या कार्यक्रमांवर टीव्ही लावून पाहिला. पुष्कळ होते. तिथे सगळे गात होते, टाळ्या वाजवत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. थांबणारं कुणी नव्हतं. काकूंनी मान भिंतीकडे वळवली.

जूनमध्ये डॉक्टरांनी तपासलं. "पाणी" म्हणायला सांगितलं. काकूंच्या तोंडून "त, त" आलं. डॉक्टर काकांना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "चार महिने खंड पडायला नको होता." तो सीझन काकांच्या बागेचा अलीकडच्या वर्षांतला सगळ्यात चांगला सीझन होता.

मग काका बदलले. मोठ्याने बोलेनासे झाले. रोज संध्याकाळी आंघोळ करून खाटेच्या कडेला बसायचे आणि विचारायचे. "मालिनी, तुला काय सांगायचं होतं? सलिलचं काही? त्याच्या लग्नाचं?" काकू मान हलवायच्या, नाही. "माहेरी जायचं होतं? देवदर्शनाला? दागिन्यांचं काही? मी काही चुकलो का?" नाही, नाही, नाही. दुसऱ्या दिवशी काका नवे प्रश्न आठवून यायचे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते लिहून ठेवायचे आणि विचारून झालेल्यावर काट मारायचे. सलिलच्या बारशापासून बाग त्याच्या नावावर करण्यापर्यंत त्यांनी सगळं विचारलं. काकूंना हवं होतं ते त्या यादीत नव्हतं. पुढेपुढे काकू मानसुद्धा कमी हलवू लागल्या.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी काकांचे प्रश्न संपले. कागद हातात धरून ते नुसते बसून राहिले. मग त्यांच्या तोंडून सहज गेलं, "चहा हवाय का?"

काकूंनी त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली.

काका ताडकन उठले. मैनेला बाजूला सारून त्यांनी स्वतः चहा केला, हात भाजून घेतला. सलिलला फोन लावला आणि रडत, हसत सांगितलं, "अरे, चहा! तिला चहा हवा होता रे! एवढंच होतं!" कप घेऊन ते खाटेशी आले. काकूंनी त्यांच्या भाजलेल्या हातावर आपला डावा हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. चहा त्यांनी घेतला नाही. तो तसाच गार झाला, आणि मैनेने नंतर तो कोणाला न दाखवता मोरीत ओतला. काकांनी पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. त्यांच्या मते उत्तर मिळालं आहे.

दुसऱ्या दिवशी मला पडवीत हलवलं.

मित्रांनो, हक्कासाठी भांडायचं असेल तर जरूर भांडा. पण ज्याच्यासाठी भांडता त्याच्याजवळ तेवढा वेळ कुणाला तरी बसवून जा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं मी सांगणार नाही. मला भंगारात दिलंत तरी चालेल. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणाला थोडंफार गाता येत असेल तर पावसला या. मोठं गाणं नको. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. आता उपयोग नाही असं डॉक्टर म्हणतात, पण मला ते अजून पटलेलं नाही. सकाळी साडेसातच्या सुमारास या. काकू जाग्या असतात.